ड्रॅकन्सबर्ग आणि लेसोथोत डोंगरांचे फोटो काढायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेकिंग आणि फोटोग्राफी करणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. दोन-चार जणांनी जोहान्सबर्गला उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची आणि स्वतः चालवायची, असं गृहीत धरलं आहे. आधी सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे.

१. दक्षिण आफ्रिकेत लोक सिंह-हत्ती बघायला जातात. डोंगरांसाठी नेमकं कुठं जायचं?

ड्रॅकन्सबर्गला. क्वाझुलू-नाताल प्रांत आणि लेसोथो देश यांच्या सीमेवर ही कड्यांची रांग उभी आहे. दक्षिण आफ्रिकेकडचा भाग २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि २०१३ मध्ये लेसोथोतलं सेहलाबाथेबे राष्ट्रीय उद्यान त्याला जोडलं गेलं. उत्तरेला रॉयल नाताल उद्यानात अँफिथिएटर आहे: सुमारे पाच किलोमीटर लांब आणि किलोमीटरभर उंच अशी कमानदार भिंत. मधल्या भागात कॅथीड्रल पीक, शँपेन कासल (३,३७७ मीटर), जायंट्स कासल. दक्षिणेला सानी पास, आणि भिंतीच्या मागे लेसोथोचं उंच पठार. वायव्येला गोल्डन गेट उद्यान आहे, ते सहलीत जरूर घ्या.

सह्याद्री पायाखालून गेलेल्या माणसाला इथला वरचा कातळ परका वाटत नाही. तोही लाव्ह्याचा बेसाल्टच आहे, फक्त कितीतरी जुना. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला सुमारे अठरा कोटी. नवीन दिसेल तो त्याखालचा फिकट पिवळसर वालुकाश्म. काळ्या कातळाखाली हा उजळ पट्टा सगळीकडे दिसतो आणि फोटोत तोच रंग भरतो.

२. फोटो सूर्योदयाला काढायचे की सूर्यास्ताला? आम्हाला कोकणकड्याची सवय आहे.

ती सवय इथं उलटी करावी लागते. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला, कोकणाकडे तोंड करून आहे, म्हणून तिथं संध्याकाळ सोन्याची. ड्रॅकन्सबर्गचं तोंड पूर्वेला आणि ईशान्येला आहे. पहिलं ऊन थेट कड्यावर येतं, बेसाल्ट काही मिनिटं तांबूस होतो आणि मग रंग भराभर उतरत जातो. दुपार कलली की सूर्य भिंतीमागे जातो आणि अख्खा कडा निळसर सावलीत बुडतो. चार वाजता पोहोचून ‘इथं काहीच नाही’ म्हणणाऱ्यांचे फोटो मी बरेच पाहिले आहेत.

सूर्याची वाटही वेगळी आहे. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, इथं तो उत्तरेकडून जातो. त्यामुळे उत्तरेकडचे उतार उजळ, दक्षिणेकडचे हिवाळ्यात दिवसभर काळोखे. जून-जुलैत सूर्य ईशान्येला उगवतो, म्हणजे अँफिथिएटरच्या बरोबर समोर. डिसेंबरात तो आग्नेयेकडे सरकतो आणि ऊन तिरकं लागतं.

संध्याकाळ वाया जात नाही. गोल्डन गेटचे वालुकाश्माचे कडे मावळतीच्या उन्हात पेटतात, आणि लेसोथोच्या पठारावर एकामागे एक डोंगररांगा टेलिफोटोत छान बसतात. पण मुख्य भिंत सकाळचीच. महिना, मुक्काम आणि मार्ग ठरवताना हे आधी डोक्यात ठेवा.

३. कोणता महिना चांगला?

एकच सांगायचा तर एप्रिलचा उत्तरार्ध ते मे. पाऊस सरलेला असतो, हवा स्वच्छ, गवत हिरव्याकडून सोनेरीकडे जात असतं आणि धबधब्यांना अजून पाणी असतं.

जून ते ऑगस्ट कोरडा हिवाळा. आकाश निरभ्र, प्रकाश उत्तम, गवत मात्र पार वाळलेलं. पहाटे तापमान शून्याखाली जातं, वर अधूनमधून बर्फ पडतो. याच काळात वणवे रोखण्यासाठी गवताचे पट्टे जाळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात धूर आणि धुळीमुळे दूरचे डोंगर पुसट होतात. कोणाला ते धुरकट थर आवडतात, मला एका मर्यादेपर्यंत.

नोव्हेंबर ते मार्च पावसाळी उन्हाळा. डोंगर हिरवेगार, धबधबे भरलेले, आणि जवळपास रोज दुपारी गडगडाटी वादळ. वादळापूर्वीचे ढग आणि नंतरचं ऊन हे या काळाचं खरं वैभव आहे, पण त्यासाठी दुपारी सुरक्षित जागी असावं लागतं (प्रश्न १४). सूर्योदय डिसेंबरात पाचच्या सुमारास होतो, जूनमध्ये पावणेसातच्या पुढे. आळशी माणसाला हिवाळा बरा.

४. किती दिवस लागतात? मार्ग कसा आखायचा?

नऊ-दहा रात्री असतील तर घाई होत नाही. जोहान्सबर्गहून क्लेरेन्स आणि गोल्डन गेट, दोन रात्री. तिथून फुथाडिचाबामार्गे विट्सीसहुक, एक रात्र, सेंटिनेलच्या चढाईसाठी (प्रश्न १०). मग हॅरिस्मिथ आणि ऑलिव्हियर्सहुक खिंडीतून उतरून रॉयल नाताल, किमान तीन रात्री. पुढे एन-थ्री महामार्गानं दक्षिणेला हिमव्हिल किंवा अंडरबर्ग. तिथून सानी पास चढून लेसोथोत, मोखोटलाँग आणि ऑक्सबोमार्गे बुथा-बुथे, कॅलेडन्सपोर्टच्या सीमा चौकीतून परत क्लेरेन्सजवळ. असं वर्तुळ पूर्ण होतं आणि तोच रस्ता दोनदा लागत नाही.

पाच-सहाच दिवस असतील तर लेसोथो सोडा. गोल्डन गेट आणि रॉयल नाताल एवढंच नीट करा. रोज मुक्काम हलवणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी एकच पहाट मिळते, आणि ती ढगाळ निघाली की संपलं. तीन रात्रींमागचं कारण तेच.

५. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? पीतज्वराची लस?

दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. लेसोथो हा चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला असला तरी स्वतंत्र देश आहे. त्याच्या प्रवेशाचे नियम वेगळे, ते तिकीट काढण्याआधी त्यांच्या दूतावासाकडून तपासा. लेसोथोत जाऊन परत येणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अर्जातच मल्टिपल एन्ट्रीचा मागा. सानी टॉपला, म्हणजे सानी पासच्या माथ्यावर, अर्ध्या दिवसासाठी गेलात तरी सीमा ओलांडलीच. पासपोर्टमध्ये कोरी पानं ठेवा, शिक्के भराभर पडतात.

पीतज्वराचं प्रमाणपत्र भारतातून थेट येणाऱ्याला लागत नाही. पण मुंबईहून बरेच जण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येतात. धोक्याच्या देशात विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात तर ते लागतं. मधला थांबा लांबणारं स्वस्त तिकीट घेताना हे बघा. मलेरियाची काळजी या डोंगराळ भागात नाही, क्रुगर राष्ट्रीय उद्यान जोडणार असाल तर आहे.

६. आपलं लायसन्स चालतं का? गाडी कोणती घ्यायची?

महाराष्ट्राचं लायसन्स इंग्रजीत आणि फोटोसह असल्यानं चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या. गाडी देणारे बहुतेक वेळा मागतात. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं.

लेसोथो नसेल तर साधी पण थोडी उंच गाडी पुरते. लेसोथोत न्यायची असेल तर कंपनीचं लेखी परवानगीपत्र आधी घ्या, सीमेवर ते विचारतात. टायर आणि काचांचा विमा वेगळा घ्यावा लागतो का हे विचारा. खड्डे आणि खडीच्या रस्त्यांवर नेमकं तेच जातं.

७. रस्ते कसे आहेत? रात्री गाडी चालवली तर चालेल?

गाडी डावीकडूनच, आपल्यासारखी. महामार्गावर मर्यादा १२०, इतर मोकळ्या रस्त्यांवर १००, गावात ६०. एन-थ्री उत्तम आहे. प्रांतातले लहान रस्ते कुठं छान तर कुठं खड्ड्यांची रांगोळी. पंपावर पेट्रोल कर्मचारी भरतो, काच पुसतो, त्याला थोडी टीप देण्याची रीत आहे.

रात्री चालवू नका. गुरं, शेळ्या आणि माणसं काळोखात रस्त्यावर असतात, दिवे नसतात. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा. हिवाळ्यात बातम्यांवरही लक्ष असू द्या. सप्टेंबर २०२४ मध्ये बर्फ पडून हॅरिस्मिथ परिसरात एन-थ्रीच बंद झाला होता आणि माणसं गाड्यांमध्ये अडकली होती.

८. उद्यानाच्या आत राहणं महाग पडतं. बाहेर राहून पहाटे गाडीनं जाता येईल ना?

येणार नाही, आणि पैसे वाचवायची ही जागा नव्हे. रॉयल नातालचं फाटक उन्हाळ्यात साधारण पाचला, हिवाळ्यात सहाला उघडतं. उन्हाळ्यात पाच म्हणजे सूर्योदयच. शिवाय पहाटेच्या काळोखात बाहेरून गाडी चालवत येणं प्रश्न ७ च्या विरुद्ध जातं. आत थेंडेले कँप आहे, तिथल्या बंगल्यांतून अँफिथिएटर समोर दिसतं. महाई इथं तंबूची सोय आहे, ती स्वस्त. थेंडेले लवकर भरतं, म्हणून आधी त्याच्या तारखा मिळवा आणि बाकीची सहल त्याभोवती बसवा. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, गोल्डन गेटऐवजी क्लेरेन्सजवळ साधी जागा घ्या.

९. नदी पुढे आणि मागे भिंत असा तो प्रसिद्ध फोटो कुठून मिळतो?

तुगेला नदीच्या काठावरून. थेंडेलेजवळून तुगेला घळीची पायवाट निघते, पूर्ण जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटर. पण त्या फोटोसाठी शेवटपर्यंत जायची गरज नाही, नदीकाठचे सुरुवातीचे टप्पे पुरतात. जागा आदल्या दिवशी दुपारी हेरून ठेवा. दगड कुठले ओले, पाणी कुठं वळतं, हे टॉर्चच्या उजेडात शोधता येत नाही. आत घळीत ऊन उशिरा पोहोचतं, ती वाट उजाडल्यावर करा.

१०. तुगेला धबधब्याच्या माथ्यावर जाणारी साखळदंडाची शिडी कितपत अवघड आहे?

तुगेला जगातल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी एक, नेहमी सांगितली जाणारी उंची ९४८ मीटर. माथ्यावर जायची वाट खालून नाही, मागच्या बाजूनं आहे. सेंटिनेलच्या वाहनतळावरून, म्हणजे अडीच हजार मीटरवरून चढाई सुरू होते. जाऊन-येऊन बारा-चौदा किलोमीटर, फोटो काढत गेलात तर सात तास धरा. शेवटी कड्याला ठोकलेल्या लोखंडी शिड्या आहेत. हरिहरच्या पायऱ्या निवांत चढणाऱ्याला तांत्रिक अडचण नाही, पण शिडी हलते, खाली पोकळी दिसते आणि पाठीवर ट्रायपॉड असतो. ट्रायपॉड पिशवीच्या बाजूला नको, मागे मधोमध बांधा. शिडीत अडकतो.

वाहनतळापर्यंतचा शेवटचा रस्ता खराब आहे. विट्सीसहुकच्या लॉजमधून गाडी मिळते, तीच घ्या. आणि अपेक्षा नीट ठेवा: हिवाळ्यात धबधबा बारीक धारेवर येतो, कधी गोठतो. भरलेला पाहायचा तर फेब्रुवारी-मार्च, पण मग माथ्यावरून दुपारच्या आत खाली.

११. सानी पास स्वतःच्या गाडीनं चढता येतो का?

फोर बाय फोर असेल तरच. नसेल तर दक्षिण आफ्रिकेची चौकी वर सोडत नाही. दोन्ही चौक्यांमधला सुमारे आठ किलोमीटरचा टप्पा खडीचा आणि शेवटी तीव्र वळणांचा आहे. माथा २,८७६ मीटरवर. चौकी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. हिवाळ्यात सावलीतल्या वळणांवर बर्फ साचून राहतो. अशा रस्त्याची सवय नसेल तर अंडरबर्ग किंवा हिमव्हिलहून चालकासह जीप मिळतात, आणि खिडकीबाहेर बघायला तुम्ही मोकळे.

वळणांचा तो वरून काढलेला फोटो सकाळचा आहे. दरी पूर्वेकडे उघडते, दुपारनंतर तीत सावली असते. चौकी सहाला उघडत असल्यानं खालून निघून पहिलं ऊन गाठता येत नाही. वर सानी टॉपला एक रात्र काढणं हाच उपाय.

१२. लेसोथोत आत जाण्यासारखं काय आहे? साधी गाडी चालेल का?

सानी टॉपपासून मोखोटलाँग, ऑक्सबो, बुथा-बुथे हा रस्ता डांबरी आहे. त्यामुळे साधी गाडी असणाऱ्यांनी सानी न चढता कॅलेडन्सपोर्टकडून आत शिरावं आणि तिकडूनच परतावं. मोटेंग खिंड, मग तीन हजार मीटरच्या वर महलासेला खिंड आणि तिच्याजवळ आफ्रिस्की हे स्कीइंगचं ठिकाण. सानीजवळचं थबाना न्टलेन्याना ३,४८२ मीटरचं, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातलं सर्वोच्च शिखर. फोटोत ते निराशा करतं, गोलसर टेकाड दिसतं. त्याच्यामागे दिवस घालवू नका.

बर्फ हवा असेल तर जून ते ऑगस्ट, आणि तो दक्षिणेकडच्या उतारांवर टिकतो (कारण प्रश्न २ मध्ये). सेमोनकाँगजवळचा मालेत्सुन्याने धबधबा १९२ मीटर एका उडीत कोसळतो. तो या वर्तुळाच्या बाहेर आहे, दोन दिवस वाढवा. दक्षिण आफ्रिकेचा रँड इथं चालतो, पण इथलं चलन लोटी परत गेल्यावर खपवणं कठीण, सीमेआधी संपवा.

१३. रात्रीच्या आकाशासाठी काय ठरवायचं?

अमावास्येभोवतीच्या रात्री. आपल्याकडे आकाशगंगेचं केंद्र दक्षिण क्षितिजापासून जेमतेम चाळीसेक अंशांपर्यंत वर येतं. इथं ते जून-जुलैच्या मध्यरात्री डोक्यावर असतं. फोटोसाठी डोक्यावर असणं अडचणीचंच, कडा चौकटीत येत नाही. चारच्या सुमारास ते नैऋत्येकडे उतरू लागतं, आणि थेंडेलेहून अँफिथिएटर त्याच दिशेला आहे. म्हणजे पहाटे चारला लावलेला ट्रायपॉड तसाच ठेवून सूर्योदयही मिळतो.

ट्रॅकर (ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की इथं ध्रुवतारा नाही. दक्षिण ध्रुवाजवळचा तारा फार मंद आहे. दक्षिण क्रॉस या तारकासमूहावरून दिशा काढून ॲपच्या मदतीनं जुळवा, आणि ते अंधार पडताच करून घ्या.

१४. सुरक्षिततेचं काय? घरचे घाबरवतात.

दोन गोष्टी वेगळ्या करा. शहरात गाडीच्या सीटवर पिशवी दिसली की काच फुटते, म्हणून सामान डिकीत आणि तेही निघतानाच ठेवायचं. विमानतळावरून सरळ डोंगराकडे निघा. डोंगरात, विशेषतः लेसोथोच्या सीमेजवळच्या माथ्यावर, तंबूतून चोरी आणि क्वचित लुटीचे प्रकार होतात. एकट्यानं वर मुक्काम करू नका. निघताना उद्यानातल्या नोंदवहीत नाव, वाट आणि परतायची वेळ लिहा, शोध त्यावरूनच घेतला जातो.

माझ्या मते जास्त धोका हवामानाचा आहे. उन्हाळ्यात बारानंतर ढग उंच वाढू लागले की माथा सोडा. गडगडाट ऐकू येत असताना उघड्या कड्यावर धातूचा ट्रायपॉड धरून उभं राहण्याइतका कोणताच फोटो मोठा नाही. हिवाळ्यात उलट, निरभ्र दुपारीसुद्धा पिशवीत जाड जाकीट असू द्या.

१५. कोणत्या लेन्स? आणि चार्जिंग?

वाइड सगळेच नेतात. मी ७०-२०० जास्त महत्त्वाची मानतो: भिंतीचे सुळके, लेसोथोतल्या रांगा, दूरचा घोडेस्वार. पोलरायझर वाइड लेन्सवर आकाशाचे डाग पाडतो, इथल्या गडद निळ्या आकाशात तर फारच. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, जादाच्या अंगावरच्या खिशात ठेवा. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात.

प्लगचं गुपित सोपं आहे. तिथले जुने सॉकेट आपल्या गीझर-एसीच्या मोठ्या तीन पिनांच्या प्लगचेच. तसा प्लग लावलेला एक एक्स्टेंशन बोर्ड घरून न्या, सगळ्यांचे चार्जर एकाच वेळी लागतात.

१६. ड्रोन नेऊ का?

या सहलीसाठी नको. गोल्डन गेटसारख्या राष्ट्रीय उद्यानांत आणि क्वाझुलू-नातालच्या संरक्षित भागांत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि तुमची फोटोची ठिकाणं बहुतेक तिथंच आहेत. या कड्यांवर दाढीवाली गिधाडं घरटी करतात, बंदीमागे तेही एक कारण आहे. गिधाडं जवळून टिपायची तर जायंट्स कासलला त्यासाठी बांधलेली लपणजागा आहे, ती आधी आरक्षित करावी लागते.

१७. लेसोथोतल्या घोडेस्वारांचे आणि गुहाचित्रांचे फोटो काढता येतात का?

घोंगडी पांघरलेला, शंकूसारखी टोपी घातलेला मेंढपाळ समोर आला की कॅमेरा आपोआप वर जातो. आधी थांबा, ‘दुमेला न्ताते’ म्हणा, बाई असेल तर ‘दुमेला म्मे’, आणि मग विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, काही पैसे मागतात, तेही आधीच ठरवा. नाही म्हटलं तर नाही. सीमा चौकी, पोलीस आणि सैनिक यांच्यावर कॅमेरा रोखू नका.

सान लोकांची गुहाचित्रं जायंट्स कासलच्या मुख्य गुहेत आणि काम्बर्गच्या गेम पास आश्रयस्थानी वाटाड्यासोबत पाहता येतात. फ्लॅश नाही, चित्रांना हात नाही, रंग उठावा म्हणून पाणी शिंपडणं तर अजिबात नाही.

१८. शाकाहारी आहोत. जेवणाचे हाल होतील का?

गावातल्या हॉटेलांत पर्याय थोडे असतात, पण उद्यानांतल्या बंगल्यांना स्वयंपाकघर असतं. डाळ, तांदूळ, भाज्या, दही हॅरिस्मिथ किंवा अंडरबर्गच्या सुपरमार्केटमधून भरून घ्या. घरून भाजलेलं, सीलबंद कोरडं खाणं पुरे. ताजी फळं, बिया, रोपं नेऊ नका, जे नेताय ते विमानतळावर सांगा. डरबनला उतरणार असाल तर चैनच: तिथं मोठी भारतीय वस्ती आहे, आणि पावात भरलेली बीन्सची बनी चाउ शाकाहारी मिळते.

१९. तीनही दिवस ढगच असले तर?

आधी ढगाची उंची बघा. हिंदी महासागराकडून दमट वारा आला की खालच्या दऱ्या धुक्यानं भरतात, पण माथा त्याच्या वर असू शकतो. अशा वेळी थेंडेलेत बसून राहण्यापेक्षा सेंटिनेल किंवा सानी टॉपला ढगांचा समुद्र मिळण्याची शक्यता जास्त. थंडीची लाट येत असेल तर उलट, एक-दोन दिवस खालीच थांबा. ती सरल्यानंतरची पहिली सकाळ फार स्वच्छ असते, आणि नशीब असेल तर भिंतीच्या कडेवर ताजा बर्फ.

२०. एवढं लांब जातोय, तर केपटाउनचे डोंगरही याच सहलीत घेऊ का?

गाडीनं नको. जोहान्सबर्गपासून केपटाउन सुमारे १,४०० किलोमीटर आहे. शिवाय तिकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो, इकडचा उन्हाळ्यात. जूनमध्ये ड्रॅकन्सबर्ग निरभ्र असताना टेबल माउंटन ढगात असू शकतो. दोन्ही हवेच असतील तर एप्रिल-मे धरा, मधलं अंतर विमानानं कापा आणि तिकडे पाच दिवस वेगळे ठेवा.